“ज्यूंनीही काहीतरी केलेच असेल ना?” : या प्रश्नाला वर्गात कसे सामोरे जावे

आपण लिहिले आहे की, नववीच्या वर्गाला नाझी राजवटीविषयी शिकवत असताना एका विद्यार्थ्याने “पण ज्यूंनीही काहीतरी केलेच असेल ना, उगीच कोण कोणाला मारेल?” असे विचारले, दुसऱ्याने “ते सगळे सावकार होते” अशी पुस्ती जोडली आणि मागच्या बाकावरून हिटलरच्या शिस्तीचे कौतुक ऐकू आले. अशा वेळी मुलांना न दुखावता, पण ठामपणे काय सांगावे, हा आपला प्रश्न आहे. इतिहास शिकवण्यात आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हे तिन्ही उद्गार माझ्या चांगले ओळखीचे आहेत. मुले ते द्वेषापोटी काढतात असे मला वाटत नाही. यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही ज्यू माणूस पाहिलेला नसतो. तरीही त्यांच्याकडे ज्यूंविषयीचे मत तयार असते. ज्यांना आपण कधी भेटलो नाही त्यांच्याविषयीचे हे मत आपल्यापर्यंत कोठून आले, याचा शोध वर्गात घेतला, तर धडा खऱ्या अर्थाने सुरू होतो.

पहिल्या प्रश्नाला मात्र आधी सरळ उत्तर द्यावे. चर्चेच्या नावाखाली ते टाळू नये. उत्तर “नाही” असे आहे. १९३३ साली जर्मनीत सुमारे पाच लाख ज्यू होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पुढे नाझींनी ज्या सुमारे साठ लाख ज्यूंना ठार मारले, त्यांतले बहुसंख्य जर्मन नव्हतेच. ते पोलंड, सोव्हिएत संघ, हंगेरी अशा देशांतले शिंपी, चांभार, शिक्षक, दुकानदार, गृहिणी आणि म्हातारी माणसे होती. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. “काहीतरी केले असेल” असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शांतपणे विचारावे, “कोणी? केव्हा? आणि त्या कोणीतरी केलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या माणसाला का मारावे?” जग न्यायाने चालते, शिक्षा झाली म्हणजे अपराध असणारच, हा विश्वास चौदा वर्षांच्या मुलाला आधार देतो आणि त्या विश्वासातूनच हा प्रश्न येतो. म्हणून मुलाला लाजवू नये. त्याच्या प्रश्नातले गृहीतक तेवढे उघडे करावे.

दुसऱ्या उद्गाराकडे, म्हणजे सावकारीकडे, मी अधिक वेळ देतो, कारण साचेबद्ध समज कसा घडवला जातो हे तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाकडून व्याज घेणे हे चर्चने पाप ठरवले होते. दुसरीकडे, बहुतेक ठिकाणी ज्यूंना जमीन धारण करता येत नव्हती आणि कारागिरांच्या संघांत त्यांना प्रवेश नव्हता. शेती बंद, कारागिरी बंद, सरकारी पद बंद, अशा स्थितीत जे थोडे व्यवसाय उरले त्यांत व्याजाने पैसे देणे हा एक होता. राजांनाही ते सोयीचे होते, कारण ज्यू सावकारावर हवा तेवढा कर लादून राजा प्रजेचा पैसा आडवाटेने आपल्या खजिन्यात आणत असे आणि प्रजेचा राग मात्र सावकारावर राहत असे. इंग्लंडच्या राजांनी ज्यूंकडून असे पिळून घेतले, १२७५ साली त्यांच्या सावकारीवर बंदी घातली आणि १२९० साली त्यांना देशातूनच हाकलून दिले. त्या काळात इटलीतले ख्रिस्ती व्यापारीही मोठ्या प्रमाणावर व्याजबट्टा करत होते आणि युरोपातले असंख्य ज्यू हातावर पोट असलेले होते. तरी लोकांच्या मनात ठसली ती ‘ज्यू म्हणजे सावकार’ ही एकच प्रतिमा. आधी माणसाला एका कोपऱ्यात ढकलायचे आणि मग तो कोपऱ्यातच राहतो, हा त्याचा स्वभावच आहे, असे म्हणायचे, ही ती रीत.

ही रीत समजावण्यासाठी युरोपाबाहेरचा जो पुरावा लागतो, तो सुदैवाने आपल्या घरातच आहे. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल हा मराठी ज्यू समाज शतकानुशतके राहिला. गावोगावी तेलाचा घाणा चालवणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय होता आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे दिवेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली, भाषा मराठी आणि कीर्तनही मराठीतले. पुढे ते कंपनीच्या पलटणीत शिपाई झाले, मुंबईत बांधकामावर, कचेऱ्यांत, रेल्वेत आणि इस्पितळांत काम करू लागले. मुंबईतले पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे पलटणीतले अधिकारी होते. मुंबईच्या मुलांना माहीत असलेला डॉ. ई. मोझेस रस्ता ज्यांच्या नावाचा आहे, ते शहराचे महापौर याच समाजातले. सावकारी हा ज्यूंचा ‘स्वभाव’ असता, तर तो कोकणातही दिसायला हवा होता. तो दिसला नाही, कारण त्यांना जमिनीपासून आणि कारागिरीपासून तोडणारे युरोपातले कायदे कोकणात नव्हते. वर्गात ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून “फरक कशामुळे पडला असेल?” एवढेच विचारावे. मुले उत्तरापर्यंत स्वतः पोचतात, आणि स्वतः शोधलेले उत्तर त्यांच्या लक्षातही राहते.

येथे एक सावधगिरी हवी. कोणीतरी जागरूक विद्यार्थी विचारेल की, मग बगदादहून आलेल्या ससून घराण्याचे काय, ते तर मोठे व्यापारी होते. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे स्वागत करावे. डेव्हिड ससून हे मोठे व्यापारी होते, त्यांच्या घराण्याने अफूच्या व्यापारातही पैसा कमावला, आणि पुण्यातले ससून रुग्णालय व लाल देऊळ त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. श्रीमंत ज्यू नव्हतेच असे आपल्याला सिद्ध करायचे नाही. ससून श्रीमंत होते म्हणून नवगावचा तेली श्रीमंत ठरत नाही, आणि एखाद्याने केलेल्या व्यापाराचा हिशेब त्याच्या धर्मातल्या सगळ्यांकडे मागता येत नाही, एवढेच मुलांना दिसायला हवे.

आता एक अडचणीची गोष्ट. माहिती दिली की समज दूर होतो, असे आपण शिक्षक मानतो. पण ज्यूद्वेषाचा इतिहास याला साक्ष देत नाही. १३४८ साली युरोपात प्लेगची साथ पसरली, तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली. ज्यूही त्याच रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यू नाहीत तेथेही साथ आहे, असे खुद्द पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी लेखी जाहीर केले. तरीही १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळण्यात आले, आणि तोवर त्या शहरात प्लेग पोचलाही नव्हता. मारल्या गेलेल्यांची लोकांकडून येणे असलेली कर्जे रद्द झाली आणि त्यांची रोकड वाटून घेण्यात आली. अफवेवर विश्वास कोणाला हवा होता, हे त्यावरून कळते. १९१६ साली जर्मन युद्धमंत्रालयाने, ज्यू सैनिक आघाडीवर जाणे टाळतात अशा ओरडीवरून, सैन्यातल्या ज्यूंची मोजणी केली. युद्ध चालू असताना तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले गेले नाहीत आणि संशय तसाच वाढू दिला गेला. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू सैन्यात होते आणि त्यांतले सुमारे बारा हजार मारले गेले.

सर्वांत बोलके उदाहरण, ज्यूंनी जगावर राज्य करण्याचा गुप्त कट रचल्याचे सांगणाऱ्या एका बनावट ‘इतिवृत्ता’चे (‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’) आहे. ते १९०३ साली रशियात छापले गेले. त्यातला बराच मजकूर १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनवर केलेल्या एका फ्रेंच राजकीय उपहासातून उचललेला आहे आणि त्या मूळ लेखनात ज्यूंचा संबंधही नाही, हे लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९२१ साली उतारे समोरासमोर छापून दाखवले. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या साप्ताहिकाने हाच कट अमेरिकेत घरोघरी पोचवला आणि १९२७ साली त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हिटलरने काय केले? ही कागदपत्रे खोटी आहेत असे वृत्तपत्रे ओरडतात, हाच ती खरी असल्याचा सर्वोत्तम पुरावा आहे, असे त्याने लिहिले. जो समज आपल्याविरुद्धचा पुरावाही आपल्याच बाजूने वळवून घेतो, त्याला केवळ आणखी पुरावा देऊन हरवता येत नाही. याच कारणाने ज्यूंना एकाच तोंडाने भांडवलदार आणि साम्यवादी, भित्रे आणि जगाचे सूत्रधार म्हणता आले. म्हणून वर्गात “हे खरे आहे का?” या प्रश्नापाशी थांबू नये. “हे प्रथम कोणी सांगितले, केव्हा सांगितले, आणि ते खरे मानल्याने कोणाचा फायदा झाला?” हे तीन प्रश्न मुलांच्या अंगवळणी पडायला हवेत.

आपल्याकडे हा साचा बहुधा कौतुकाच्या वेषात येतो, आणि त्याकडे शिक्षकांचे सहसा लक्ष जात नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. ज्यू स्त्रिया गरोदरपणी गणिते सोडवतात, म्हणून त्यांची मुले हुशार निपजतात, अशा आशयाचा संदेश व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरत असतो आणि अनेक पालकांनी तो आदराने पुढे पाठवलेला असतो. त्याला कोणत्याही अभ्यासाचा आधार नाही. “यात वाईट काय, कौतुकच तर आहे,” असे कोणी म्हणेल. पण ‘ते सगळे फार हुशार’ येथून ‘ते सगळे आतून एक आहेत’ आणि ‘ते जगाची सूत्रे हलवतात’ येथपर्यंतचा रस्ता फार लहान आहे; तिन्ही वाक्यांत माणूस गायब आहे आणि एका जमातीला एकच मेंदू व एकच हेतू असल्याचे गृहीत धरलेले आहे. मी शिक्षकांना आवर्जून सांगतो की, निंदेचा साचा मोडताना स्तुतीचा साचा हाती देऊ नये. “ज्यूंनी इतके नोबेल पुरस्कार मिळवले, म्हणून त्यांना मारणे चूक होते,” असे मुलाने लिहिले, तर तेथे थांबून, ज्याला कोणताही पुरस्कार मिळाला नव्हता त्याला मारणे चालले असते का, असे विचारावे.

हिटलरच्या कौतुकाचे दोन धागे असतात. एक शिस्तीचा आणि दुसरा, तो इंग्रजांचा शत्रू होता म्हणून आपला मित्र, हा. दुसऱ्याला उत्तर सोपे आहे. भारत अन्य कोणाच्या हाती जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात राहिलेला मला आवडेल, असे हिटलरने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये भेटीला आलेले ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांना, भारतातली चळवळ मोडायची तर गांधींना गोळी घाला, असा सल्ला त्याने दिला होता. मुले हे ऐकून चपापतात. परंतु केवळ यावर विसंबू नये, कारण ‘तो आपल्या विरुद्ध होता म्हणून वाईट’ हा निष्कर्ष अपुरा आहे. तो आपल्या बाजूचा असता तर चांगला ठरला असता, असा त्याचा अर्थ होतो. शिस्तीबद्दल बोलताना त्या शिस्तीची किंमत तारखांनिशी मांडावी: मे १९३३ मध्ये कामगार संघटना मोडल्या, जुलैपर्यंत इतर सर्व पक्ष बेकायदा ठरले, सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व गेले, ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री देशभर सिनेगॉगे जाळली गेली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत पाठवले गेले. या यादीतली प्रत्येक गोष्ट शिस्तीने, कागदोपत्री आणि शिक्के मारून झाली.

मुलांना स्वतःच्या परिसराकडे वळवल्याशिवाय हा धडा दूरच्या देशाची गोष्ट बनून राहतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवले. त्यांना हजेरी द्यावी लागे, तारेच्या कुंपणात वसवले जाई, काम मिळत नसे, आणि मग त्यांच्या दारिद्र्याकडे बोट दाखवले जाई. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारधी मुलाकडे पाहणारी शेजाऱ्यांची आणि पोलिसांची नजर अजून पुरती बदललेली नाही. जातीने व्यवसाय बांधून द्यायचा आणि पुढे तोच त्या जातीचा गुण म्हणून सांगायचा, हे आपल्या समाजाला शिकवावे लागले नाही. दोन्ही इतिहास एकसारखे आहेत असे म्हणू नये. ज्यूंच्या बाबतीत एका आधुनिक राज्यसंस्थेने एक अख्खी जमात नष्ट करण्याचा कारखाना उभारला, हे वेगळेपण पुसट होऊ देऊ नये. यंत्रणेतले साम्य मात्र मुलांना दिसायला हवे. शिवाय पूर्वग्रह सोसणारेही त्यापासून मुक्त असतात असे नाही: बेने इस्राएल समाजातच गोरा आणि काळा असा भेद पाळला जात असे, बगदादी ज्यू त्यांच्याशी सोयरीक टाळत, आणि इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या या मराठी ज्यूंच्या विवाहांना १९६० च्या दशकात तेथील धर्मपीठाने शंकेचे प्रश्न लावले, तेव्हा त्यांना रस्त्यावर उतरावे लागले. १९६४ साली इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यूच आहेत असे जाहीर केले, ते या लढ्यानंतर.

आजच्या वर्गात गाझाचा विषय निघणारच, आणि तो दडपू नये. इस्राएल सरकारच्या धोरणावर कितीही कठोर टीका करणे हा ज्यूद्वेष नव्हे. कोणत्याही सरकारवर टीका करता येते आणि पॅलेस्टिनी लोकांच्या दुःखाबद्दल बोलणे हे माणुसकीचे आहे. त्या सरकारच्या कृत्यासाठी अलिबागच्या किंवा पॅरिसच्या ज्यू कुटुंबाकडे जाब मागणे, किंवा टीकेत पैशाचे, विषाचे, जागतिक कटाचे जुने साचे आणणे, हा मात्र ज्यूद्वेष आहे. हीच कसोटी उलट दिशेनेही लावावी: एखाद्या सशस्त्र गटाच्या कृत्याबद्दल वर्गातल्या मुसलमान विद्यार्थ्याकडे सगळ्यांनी वळून पाहिले, तर शिक्षिकेने तेथेच आणि तितक्याच ठामपणे थांबवले पाहिजे. एका पूर्वग्रहाविरुद्ध शिकवताना दुसऱ्याला मोकळीक दिली, तर मुले आपला धडा लगेच ओळखतात आणि सोडून देतात.

पूर्वग्रहासमोर उभे राहण्याचा प्रश्न आला की डेन्मार्कची गोष्ट सांगितली जाते: नाझी ज्यूंना सक्तीने कपड्यांवर लावायला लावत तो पिवळा तारा राजाने स्वतः लावला म्हणून सगळ्यांनी लावला. ही दंतकथा आहे; डेन्मार्कमध्ये ज्यूंवर तारा लावण्याची सक्ती कधी झालीच नाही. खरी हकीकत अधिक उपयोगी आहे. १९४३ च्या सप्टेंबरअखेर एका जर्मन मुत्सद्द्याकडून धरपकडीची बातमी फुटली. पुढच्या काही आठवड्यांत डॉक्टरांनी रुग्णालयांत खोट्या नावांनी माणसे लपवली, ३ ऑक्टोबरला चर्चमधून बिशपांचे निषेधपत्र वाचले गेले, विद्यापीठांनी वर्ग बंद ठेवले आणि मच्छीमारांनी रात्री होड्यांतून सात हजारांहून अधिक ज्यूंना स्वीडनला पोचवले. अनेक मच्छीमारांनी त्याचे भाडे घेतले, आणि मी हे मुलांपासून लपवत नाही, कारण मदत करायला संत असावे लागत नाही हे त्यांना कळायला हवे. जे सुमारे पावणेपाचशे जण पकडले गेले, त्यांचीही डॅनिश अधिकाऱ्यांनी सतत चौकशी चालू ठेवली आणि त्यांतले बहुतेक वाचले. प्रत्येकाने आपापल्या जागेवरून, आपल्या हातात होते तेवढे केले.

दुसरे उदाहरण अगदी वर्गाच्या मापाचे आहे. अमेरिकेतल्या बिलिंग्स गावात डिसेंबर १९९३ मध्ये, खिडकीत हनुका या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाचे चित्र लावलेल्या एका ज्यू मुलाच्या खोलीवर दगड फेकला गेला. स्थानिक वृत्तपत्राने त्या सणातल्या दिव्यांच्या समईचे पानभर आकाराचे चित्र छापले आणि हजारो बिगर-ज्यू घरांनी ते आपल्या खिडक्यांत लावले. त्यानंतर काही घरांवर दगड पडलेही, पण चित्रे उतरली नाहीत.

वर्गात याचे रूप साधे असते. कोणी कोणाच्या जातीधर्मावरून टोमणा मारला, तर शिक्षिकेने तो त्याच तासाला थांबवावा. न थांबवलेला टोमणा वर्गाला मान्य झाला असे मुले समजतात. बोट वाक्यावर ठेवावे, “हे वाक्य या वर्गात चालणार नाही” असे म्हणावे, आणि बोलणाऱ्या मुलाशी नंतर एकट्याने बोलावे. ज्याला टोमणा लागला त्याची चौकशी त्याच दिवशी करावी, पण त्याला सर्वांसमोर आपल्या समाजाची बाजू मांडायला लावू नये. ते ओझे त्याचे नाही. मुलांना सोपी वाक्ये द्यावीत: “तुला हे कोठून कळले?”, “सगळे म्हणजे कोण?”, “माझ्यासमोर असे बोलू नकोस.” ती प्रत्यक्ष उच्चारून घ्यावीत, कारण ऐनवेळी धैर्यापेक्षा शब्द आधी संपतात. मुख्याध्यापकांचा पाठिंबा आधीच मागून ठेवावा. एकट्या शिक्षिकेच्या खांद्यावर हे काम टिकत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मुलांना पिवळे तारे लावून किंवा काहींना पहारेकरी बनवून छावणीचे नाटक करू नये. त्यातून सहानुभूतीपेक्षा खेळ किंवा इजा पदरात पडते. प्रेतांच्या राशींची छायाचित्रेही दाखवू नयेत. मेलेल्या ज्यूंपेक्षा जगलेले ज्यू आधी दाखवावेत: त्यांची लग्ने, शाळा, दुकाने, भांडणे. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून ऐकवावी. तिची रचना ज्यांची मानली जाते ते वॉल्टर कॉफमन हे मध्य युरोपातले ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीत काम करू लागले. आजी-आजोबांना ती धून विचारा असा गृहपाठ दिला, तर बोलणे घरापर्यंत जाते.

शक्य असेल तर अलिबागच्या इस्रायल आळीतले, पेणचे किंवा पुण्यातले सिनेगॉग दाखवायला न्यावे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर झालेल्या हल्ल्यापासून सुरक्षेची काळजी घेतली जाते, म्हणून विश्वस्तांची लेखी परवानगी आधी घ्यावी, मुलांची व शिक्षकांची यादी द्यावी आणि शनिवार टाळावा. तेथे भेटणाऱ्या मंडळींना युरोपातल्या नरसंहाराबद्दल विचारू नये. तो त्यांच्या घरचा इतिहास बहुधा नसतो. त्यांचे गाव, आडनाव, सण आणि जेवण यांबद्दल विचारावे. प्रश्न मुलांनी आदल्या दिवशी लिहून आपल्याला दाखवावेत, आणि मागच्या बाकावरून शिस्तीचे कौतुक करणाऱ्या त्या विद्यार्थ्याला या भेटीची नोंद ठेवण्याचे काम द्यावे.